ताप किती, ते पेशंटला सांगायचं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरीची घडी. गच्चीवर वाळलेली चादर मी खांद्यावर टाकून खाली आणली. दोन कोपरे तिनं धरले, दोन मी. पन्नास वर्षं हेच काम केलं, पण माझा कोपरा तिच्या कोपऱ्याला कधी नीट जुळला नाही.

"ओढा की जरा. चादर हाय, साप नाय," ती म्हणाली.

मी ओढली. ती दोन पावलं पुढं आली, माझ्या हातातले कोपरे घेतले आणि घडी छातीशी धरून तशीच उभी राहिली. सकाळचे दहा वाजले असतील. आठ वाजता ती खालच्या मावशींकडं जाऊन आली होती. खालच्या मजल्यावरच्या या मावशी दोन वर्षांपासून अंथरुणात आहेत. त्यांना आमच्यापेक्षा दहा-पंधरा वर्षं जास्त. ही रोज आठला जायची, नाडी बघायची, पाठ पुसायची, दोन गोष्टी बोलून यायची. कामावरून उतरून पंधरा वर्षं झाली, तरी हिची ड्युटी काही सुटली नव्हती.

"दमलीस का?" मी विचारलं.

"ठीक आहे. आराम करते जरा."

मी घडी घेतली, कपाटात ठेवली आणि कोथिंबीर आणायला गेलो. तिचं बोलणं माझ्या कानावर पडलं, पण आत गेलं नाही. गेलं असतं तर मी तिथंच थांबलो असतो. आमच्या घरात त्या वाक्याला बंदी होती. बंदी तिनंच घातली होती. ती का घातली ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी चौथी शिकलेला माणूस. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा आईच्या कडेवर होतो. मोठा झालो तसा औरंगाबादेत शहागंजात एका उस्तादाच्या हाताखाली लागलो, कापूस पिंजायचा आणि गाद्या भरायच्या. लग्नाच्या वेळी सोयऱ्यांनी सांगितलं, मुलगी नर्सचं शिकलेली हाय. पण त्यात एक मेख होती. दोन वर्षांचा कोर्स झालेला, लेखी परीक्षा पास, आणि प्रॅक्टिकलला नापास. परत बसायचं होतं. पास झाली तरच सरकारी रजिस्टरला नाव लागणार, नंबर मिळणार. तोवर ती नुसती शिकलेली बाई, नर्स नाही.

नापास कशी झाली, ते तिनं लग्नाच्या चौथ्या की पाचव्या दिवशी सांगितलं. बाहेरून परीक्षक बाई आल्या होत्या. वॉर्डातला खराच पेशंट दिला. हिनं पलंग नीट लावला, पट्टी नीट बांधली, मग त्याचा ताप बघितला. तो म्हणाला, "ताई, किती हाय?" ही म्हणाली, "एकशेचार." तो माणूस घाबरला, उठून बसला, आता मी मरतो म्हणून बायकोला हाका मारायला लागला. परीक्षक बाईंनी तिथंच पेन बंद केलं. म्हणाल्या, ताप किती ते पेशंटला सांगायचं नसतं, एवढं दोन वर्षांत कळलं नाही? आकडा कागदावर लिहायचा. पेशंटनं विचारलं तर, ठीक आहे, आराम करा, एवढंच म्हणायचं.

"मग तसं म्हणायचं ना," मी म्हणलं.

"त्यानं विचारलं. माझ्या तोंडातून गेलं."

"खोटं बोलता येत नाय तुला?"

"नाय येत."

मला हसू आलं. गाद्यांच्या धंद्यात राहून मला ते चांगलं यायचं. जुना कापूस घालून नवा म्हणून सांगायला उस्तादानंच शिकवलं होतं. मी म्हणलं, मी शिकवतो.

तेव्हा आमची खोली दुकानाच्या मागच्या बोळात होती. एक पलंग, एक चूल, आणि माझी आई. रोज संध्याकाळी कामावरून आलो की मी पलंगावर आडवा व्हायचो आणि पेशंट व्हायचो. ती मला एका अंगावर वळवायची, खालची चादर अर्धी काढायची, नवी अर्धी घालायची, मग दुसऱ्या अंगावर वळवायची. पेशंटला न उठवता पलंग बदलायचा, ही तिची विद्या. कोपरा असा दुमडायची की गादी भरणारा मी, मलाही तसा टाका जमला नसता. ओल्या फडक्यानं तोंड-हात पुसायची. नव्या लग्नाचे आम्ही, आई दारात तांदूळ निवडत बसलेली. आई म्हणायची, "हिला नवरा दिलाय का मुडदा? धुतेय काय, उलटापालटा करतेय काय."

एकदा तिनं डोक्याची पट्टी बांधली. दोन गुंडाळ्या घेऊन कपाळापासून मागं आणि परत पुढं, टोपीसारखी बसते ती. ती अवघड पट्टी. बांधून झाली तेवढ्यात दुकानातून बोलावणं आलं, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून. मी तसाच गेलो. उस्तादानं बघितलं आणि पिंजण थांबवलं.

"क्या रे, शादी को महिना नै हुआ, जोरू ने सर फोड दिया?"

"नै उस्ताद, इम्तिहान है."

"किसका? तेरा?"

"उसका."

"फिर पट्टी तेरे सर पे कायको?"

गिऱ्हाईकसुद्धा हसलं. त्या दिवसापासून मला बाजारात बीमार म्हणायला लागले. बीमार आला, बीमारला चहा द्या. पुढं कित्येक वर्षं तेच नाव.

पण खरी शिकवणी वेगळीच होती. ती काखेत थर्मामीटर लावायची, काढून बघायची, आणि मी विचारायचो, "ताई, ताप किती हाय?" पहिले आठ दिवस ती खरं सांगायची, मग जीभ चावायची. मी म्हणायचो, नापास. परत लाव. मी आवाज बदलून विचारायचो. रडका आवाज काढायचो. "ताई, माझी लेकरं लहान हायत, सांगा की." "ताई, तुला आईची शपथ." ती हसायची आणि सांगून टाकायची. मी म्हणायचो, परत नापास.

महिनाभरानं जमलं. मी कसंही विचारलं, पाय धरले, तरी तिचा चेहरा हलायचा नाही. थर्मामीटर झटकायची, माझ्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "ठीक आहे, आराम करा." इतकं छान म्हणायची की मला खरंच बरं वाटायचं. मी टाळी वाजवायचो. आज ती टाळी आठवली की हात तोडून टाकावेसे वाटतात.

परीक्षेला मी तिला सायकलवर डबलसीट नेलं आणि फाटकापाशी उभा राहिलो. दुपारी ती बाहेर आली. पास झालीस का विचारलं तर नुसती मान हलवली. सायकलवर बसली. बरंच पुढं आल्यावर मागून म्हणाली, "म्हातारा होता. खोकला होता. तीन वेळा विचारलं त्यानं. तिन्ही वेळा ठीक आहे म्हणलं मी."

"मग झालं की."

"एकशेतीन होता. त्याला वाटलं उतरला. हसला हो माझ्याकडं बघून."

मी पायडल मारत राहिलो. रजिस्टरला नाव लागलं, नंबराचा कागद पोस्टानं आला. आईनं त्या कागदाला हळद-कुंकू लावलं. कागदावर तो पिवळा डाग शेवटपर्यंत होता.

पहिली नोकरी उस्मानपुऱ्यात लागली. बाळंतपणाचा खासगी दवाखाना, दहा-बारा खाटांचा. आता तिथं कपड्याचं दुकान हाय. डॉक्टर मालक, आणि खालचं सगळं एका जुन्या सिस्टरच्या हातात. चाळिशी ओलांडलेली, एकटी बाई. हिनं तिला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणलं. अक्कानं हिला तीन महिने "ए नवीन" म्हणलं.

ते तीन महिने ती कशी टिकली, मी बघितलंय. सकाळी सातला उभी राहायची ती चारला बसायची. बसलेली नर्स अक्काला दिसली की ती हातातलं भांडं आपटायची. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, भांडी घासायची, रक्ताच्या चादरी थंड पाण्यात भिजवायच्या, आणि डबा खायचा तो उभ्यानं. एकदा सुई उकळत्या पाण्यातून काढताना हिच्या हातून घसरली, तर अक्कानं सगळ्या बायांसमोर म्हणलं, "नंबर कुणाला पण देतात हल्ली." घरी आली की मी परातीत गरम पाणी आणि मीठ घालून तिचे पाय त्यात ठेवायचो. टाचा फुटलेल्या. आठव्या दिवशी म्हणाली, मी नाय जाणार उद्या. मी म्हणलं, जा. तिथला दोन वर्षांचा अनुभवाचा दाखला असल्याशिवाय सरकारी जागेला उभं करत नव्हते. हे मला तिनंच सांगितलं होतं. मी तेच तिला परत ऐकवलं.

चौथ्या महिन्यात अक्का बदलली. हिचं काम तिला पटलं असेल. एक दिवस आपल्या छातीवरचं घड्याळ काढून हिच्या झग्याला लावलं, सेकंदकाटा असलेलं, उलटं लटकणारं. म्हणाली, नाडी अंदाजानं बघतेस ते बंद कर. हिला आभाळ ठेंगणं झालं. घरात उठता बसता अक्का. अक्का अशी पट्टी बांधते, अक्का असं म्हणते. आम्ही तिला पुरणपोळीला बोलावलं. आली, दोन पोळ्या खाल्ल्या, आईला म्हणाली, "तुमची सून माझ्यानंतर तिथं सिस्टर होईल." आईनं तिची ओटी भरली. मीही तिच्या पाया पडलो. हे मुद्दाम लिहितोय.

मग ती बाई आली. पाचोडच्या बाजूच्या एका खेड्यातली, दुसरं बाळंतपण. सकाळी मोकळी झाली, मुलगी झाली. दुपारी हिनं नाडी बघितली तर नव्वद. पंधरा मिनिटांनी एकशेदहा. खाली रक्त थांबत नव्हतं. हिनं पळत जाऊन अक्काला सांगितलं. डॉक्टर दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनला गेलेले. अक्का म्हणाली, निरोप धाडलाय, येतायत. पोट चोळत राहा. नातेवाईकांना काही बोलायचं नाही.

त्या बाईचा नवरा पायरीवर बसलेला. लेकीसाठी आणलेलं टोपडं हातात. हिला म्हणाला, "ताई, मालकीण कशी हाय? मोठ्या दवाखान्यात न्यायची का? माझा भाऊ टेम्पो घिऊन आलाय, उभा हाय."

ही म्हणाली, "ठीक आहे, आराम करू द्या."

एकशेतीस झाली तेव्हा त्यानं परत विचारलं. हिनं परत तेच म्हणलं. चेहरा हलवला नाही. मी शिकवलेलं तंतोतंत.

डॉक्टर आले तेव्हा बाई गेली होती. टेम्पो फाटकातच उभा होता. व्हरांड्यात सगळे जमले. नवरा रडत नव्हता, हिच्याकडं बोट करून एवढंच म्हणत होता, "या ताई ठीक हाय म्हणल्या व्हत्या. दोनदा म्हणल्या." डॉक्टरांनी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, "मला हिनं नाडी सांगितलीच नाही. सांगितली असती तर मी स्वतः गाडीत घातली असती."

हिनं वर बघितलं. अक्कानं नजर काढून घेतली, फडकं उचललं आणि टेबल पुसायला लागली. पुसलेलंच टेबल. हिनं छातीवरचं घड्याळ काढलं आणि त्या टेबलावर ठेवलं. तेवढंच. बोलली असती तर दाखला गेला असता.

घरी येऊन सगळं सांगितलं. आई म्हणाली, त्या सटवीला मी पोळ्या वाढल्या. मी म्हणलं, नोकरी सोडू नको, गप राहा, दोन वर्षं काढ. आता कळतं, मी त्या बाईच्या नवऱ्याबद्दल एक शब्द विचारला नाही. हिच्याबद्दलही नाही. मी दाखल्याबद्दल बोललो.

ती परातीत पाय घालून बसली होती. म्हणाली, "जाईन. पण एक ऐका. घरात ते वाक्य परत म्हणायचं नाय. तुम्हीही नाय, मीही नाय. तुम्हाला ताप आला तर आकडा सांगीन. कितीही असू दे. मरणार असाल तर मरणार म्हणून सांगीन."

"आणि तू आजारी पडलीस तर?"

"तर माझाही सांगीन."

"मला काय कळणार तुझा आकडा."

"मग शिका."

आणि तिनं शिकवलं. अंगठा लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मधली तीन बोटं, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. मला गुणाकार जमेना, तर म्हणाली, मग पूर्ण मिनिट मोजत जा, तुम्हाला कुठं गाडी पकडायचीय. शहागंजात टॉवरच्या बाजूला एक घड्याळवाला बसायचा, त्याच्याकडून मी तिला जुनं सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन दिलं. तेच तिनं शेवटपर्यंत वापरलं. पट्टे चार बदलले.

दोन वर्षं तिनं त्या अक्काच्या हाताखाली काढली. गरज असेल तेवढंच बोलायची. दाखला मिळाला, सरकारी जागा मिळाली, तालुक्याची गावं फिरलो आम्ही, परत शहरात आलो. औरंगाबादचं संभाजीनगर झालं. लेक झाली, मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती याच शहरात राहते.

आणि हिनं शब्द पाळला. माझ्या आईच्या वेळी डॉक्टर म्हणत होते बघू, बघू. ही मला बाहेर घेऊन म्हणाली, "चार दिवस. भावाला बोलवा." मी चिडलो, लई बोललो तिला. पण भाऊ आला, आईनं त्याला बघितलं. पाचव्या दिवशी आई गेली. मला विषमज्वर झाला तेव्हा म्हणाली, "एकशेपाच. मरूसुद्धा शकता. पाणी प्या." मी घाबरून तांब्याभर पाणी प्यायलो आणि वाचलो. माणसाला दुसरं काय पाहिजे? खरं सांगणारं एक माणूस घरात हाय, एवढ्यावर मी पन्नास वर्षं निवांत झोपलो. गिऱ्हाइकाला खोटं बोलायचो, उस्तादाला बोलायचो, तिला कधी नाही.

गेल्या गणपतीपासून ती वाळायला लागली. ब्लाऊज सैल झाले, तिनं शिवणीतून आत घेतले. मी विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय, खाणं कमी केलंय. डब्यातून गोळ्या खायची. नर्सच ती, मी कोण विचारणार. एकदा गमतीनं तिचं मनगट धरलं, म्हणलं बघू आकडा. तिनं हात ओढून घेतला. "कामं पडलीत," म्हणाली.

कोथिंबीर घेऊन आलो तेव्हा ती पलंगावर नव्हती, खाली पडली होती. लेकीला फोन लावला. रिक्षानं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण नर्स, आमच्या नातीच्या वयाची. भराभर काम करत होती, हात चांगला होता तिचा. हिचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं, कागदावर लिहिलं.

मी म्हणलं, "पोरी, नाडी किती हाय?"

तिचा चेहरा हलला नाही. "ठीक आहे बाबा. आराम करू द्या त्यांना."

जगात हे वाक्य माझ्याइतकं कुणाला कळत असेल? माझ्याच पलंगावर घोटून घेतलेलं.

लेक आली. तिच्याकडं बघितलं आणि मला कळलं, तिला माहीत हाय. घाबरलेल्या माणसाचं तोंड वेगळं आणि चोरी पकडलेल्या माणसाचं वेगळं. व्हरांड्यात नेऊन विचारलं. म्हणाली, "बाबा, गणपतीतच कळलं. पोटात गाठ, पसरलेली. आईनं ऑपरेशन नको म्हणलं. मला शपथ घातली."

"अजून कुणाला माहीत?"

तिनं खाली बघितलं. जावयाला माहीत, डॉक्टरला माहीत, औषधाच्या दुकानवाल्याला माहीत. मलाच तेवढं नाही.

"तुम्हाला त्रास नको म्हणून, बाबा."

"त्या पाचोडकडच्या माणसालापण त्रासच नको होता," मी म्हणलं. लेकीला ते काही कळलं नाही. तिला तिच्या आईनं ती गोष्ट कधी सांगितलीच नव्हती.

आत गेलो. ती शुद्धीत होती. मी स्टुलावर बसलो आणि तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. मोजायला गेलो तर नाडी हातात टिकेना, पळतच होती.

"शब्द दिला होतास," मी म्हणलं. दवाखान्यात मोठ्यानं बोलू नये, पण मी मोठ्यानंच बोललो. "पन्नास वर्षं पाळलास आणि शेवटी अक्काच झालीस तू."

तिनं डोळे उघडले. ओठ सुकलेले. म्हणाली, "तुम्ही पहिल्यापासून वाईट पेशंट. लई विचारता."

"मी पेशंट नाय. नवरा हाय."

तिनं बोटं हलवली, माझ्या बोटांखाली. हसली की नाही, मी सांगू शकत नाही. लोक म्हणतात हसली. दिवेलागणीच्या आधी गेली. घरी आणली, माणसं तयारच होती, त्याच संध्याकाळी उरकलं.

लोक मला सांगतात, तुमच्यावर माया होती म्हणून लपवलं. असेल. माया मला ठाऊक हाय, ती कुणी शिकवायची गरज नाही. पण नऊ महिने माझ्याकडं होते. त्या नऊ महिन्यांत मी तिला कोथिंबिरीवरून बोललो, भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, दोन दिवस अबोला धरला. माहीत असतं तर धरला नसता. ते दोन दिवस तिनं माझे खाल्ले. आणि तिला उचलायचं, पुसायचं, न उठवता पलंग बदलायचा, हे सगळं मला येत होतं. तिनं माझ्या अंगावरच शिकून मला शिकवलं होतं. ते करू दिलं नाही. आयुष्यभर पिंजलेला कापूस वाया गेला तरी मला इतका राग आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. तिचा पलंग उभा करून भिंतीला लावला होता. आठ वाजले. मी उठलो, तिचं घड्याळ कपाटातून घेतलं आणि जिना उतरायला लागलो. लेक मागून आली.

"बाबा, कुठं चाललात? सुतक हाय. कुणाच्या घरी जात नसतात."

"तुझ्या आईची ड्युटी हाय."

खालच्या मावशींच्या सुनेनं दार उघडलं. मला बघून तिला रडू आलं, मग तिनं आवाज दाबला. "भाऊ, आईंना सांगितलं नाही आम्ही. काल टीव्ही मोठा लावून ठेवला होता. त्यांचं हृदय कमजोर हाय. विचारलं तर ठीक आहे म्हणा, लेकीकडं गेल्यात म्हणा. पाया पडते तुमच्या."

मी चपला काढून आत गेलो. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या, वेणी सुटलेली. दाराकडंच बघत होत्या.

"आज तुम्ही आलात?" त्या म्हणाल्या. "आणि ती कुठाय? कशी हाय?"

सून माझ्या मागं उभी. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी पलंगाच्या कडेला बसलो.

"काल गेली, मावशी," मी म्हणलं. "पोटात गाठ होती. मला कुणी सांगितलं नव्हतं."

सून आत निघून गेली, भांडं आपटल्याचा आवाज आला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. मावशींनी हात पुढं केला, रोज हिच्यापुढं करायच्या तसा, मनगट वर. मी तीन बोटं ठेवली, अंगठा लांब ठेवला आणि घड्याळ बघत पूर्ण मिनिट मोजलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात त्यांनी हलू दिला नाही.

"किती हाय?" मावशींनी विचारलं.

"एकशेचौदा," मी म्हणलं. "जास्त हाय, मावशी. बसतो मी इथंच. पंधरा मिनिटांनी परत मोजू."